संहिता हातात, शिडी भिंतीला

भरताचं नाट्यशास्त्र वाचायचं आणि संध्याकाळी स्पॉटचा कोन बदलायला शिडीवर चढायचं. विद्यापीठातलं नाट्यशिक्षण असं दोन्ही अंगांनी चालतं.

पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचंच पाहा. १९८७ साली सुरू झालेल्या या 'गुरुकुला'त नाटकाशेजारी संगीत आणि नृत्यही शिकवतात. १९९६ मध्ये 'महानिर्वाण'कार सतीश आळेकर इथे प्रमुख म्हणून आले, तेही वैद्यकीय महाविद्यालयातली जीवरसायनशास्त्राची नोकरी सोडून!

खरा कस लागतो निर्मितीत. पात्र खिडकीशी जातं, एवढंच संहितेत असतं. नेपथ्य उभं राहिल्यावर कळतं, की कडेच्या खुर्च्यांना ती खिडकी दिसतच नाही. मग आराखडा बदला, हालचाली बदला, प्रकाशाची क्यू-शीट नव्याने लिहा. नट व्हायला आलेल्यांना ही हमाली वाटते. पण विंगेतल्या टेबलावर कुणी पत्रच ठेवलं नाही, तर नायक प्रवेशात वाचणार काय?