निळ्या घोड्यांचें चित्र

तीस वर्षांपूर्वीं वर्गांतील एका मुलानें चित्रकलेच्या वहींत वडाचें झाड तांबडें रंगविलें, तेव्हां "वड कधीं तांबडा असतो काय रे?" असें म्हणून मीं त्याचे गुण कापले. मुलगा निमूटपणें जागेवर जाऊन बसला. जर्मन चित्रकार फ्रान्त्स मार्क याच्या निळ्या घोड्यांविषयीं परवां वाचीत असतां तो प्रसंग आठवला आणि मन खजील झालें.

मार्क हा अभिव्यक्तिवादी पंथांतला. ड्रेस्डेन शहरीं १९०५ सालीं किर्शनर, हेकेल, श्मिट-रोट्लुफ व ब्लायल ह्या वास्तुशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांनीं 'सेतु' नांवाचें मंडळ स्थापिलें. पुढें १९११ त म्युनिकला कांडिन्स्की व मार्क यांनीं 'निळा स्वार' हें मंडळ काढलें. डोळ्यांस दिसतें तें हुबेहूब उतरविण्यापेक्षां अंतःकरणांतील खळबळ रेषेंत व रंगांत आणावी, हा ह्या मंडळींचा आग्रह. ज्या वाचकांस आपल्या साहित्यशास्त्रांतील ध्वनिविचार ठाऊक आहे, ते ह्यानें बुचकळ्यांत पडणार नाहींत. मार्कच्या मतें निळा रंग पौरुषाचा व आत्मिकतेचा, पिवळा कोमलतेचा आणि तांबडा जडसृष्टीचा. (ही वांटणी मला सर्वस्वीं पटत नाहीं.)

'निळ्या घोड्यांचा मनोरा' हें त्याचें चित्र १९१३ मधील. पुरुषभर उंचीच्या त्या पटावर चार घोडे एकावर एक रचल्यासारखे उभे आहेत. मार्च १९१६ मध्यें व्हर्दनच्या रणांगणावर मार्क पडला. वय अवघें छत्तीस. १९१९ त तें चित्र बर्लिनच्या राष्ट्रीय चित्रशाळेनें विकत घेतलें.

नाझी राजवटीनें १९३७ त म्युनिकला 'भ्रष्ट कला' म्हणून सुमारें ६५० कलाकृति टवाळीसाठीं मांडल्या. त्यांत हें चित्रही होतें! देशासाठीं प्राण दिलेल्या योद्ध्याची ही विटंबना पाहून माजी लष्करी अधिकाऱ्यांच्या संघटनेनें निषेध केला, तेव्हां तें चित्र तेथून काढण्यांत आलें. किर्शनरला मात्र असा कैवारी मिळाला नाहीं. त्याचीं सहाशेंहून अधिक कामें संग्रहालयांतून जप्त झालीं आणि दुसऱ्या वर्षीं स्वित्झर्लंडांत त्यानें आत्महत्या केली. नोल्डे तर स्वतः नाझी पक्षाचा अनुयायी. तरी त्याचींही हजारावर चित्रें सुटलीं नाहींत.

घोड्यांचें तें चित्र पुढें गोअरिंगनें आपल्या ताब्यांत घेतलें. महायुद्धानंतर, म्हणजे १९४५ पासून, त्याचा निश्चित ठावठिकाणा नाहीं. छापील प्रती तेवढ्या मिळतात. त्यांतील एक आमच्या नातीनें माजघरांत लावली आहे. तिच्या आजीला ती अजून पसंत नाहीं.