दर्यावरचा पहिला डॉक्टर शेजारचा खलाशीच



गावात 108 ला फोन लावला की गाडी येते. दर्यावर मात्र बंदर दहा-बारा तास लांब, मोबाईलला रेंज नाही. तिथे जीव वाचवायचा तो बोटीवरच्यांनीच.

बुडालेल्याला वर घेतलं की पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या. मग छातीच्या मधोमध जोरात 30 दाब, नंतर 2 श्वास, असं न थांबता चालू ठेवा. दाबाचा वेग मिनिटाला 100 ते 120.

पाकटीचा काटा हातापायाला लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. छाती, पोट किंवा मानेत रुतलेला काटा उपटू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा. हळद, डिझेल काही लावू नका.

त्याच वेळी दुसऱ्याने व्हीएचएफ चॅनल 16 वर मदत मागावी. रेंज असेल तर तटरक्षक दलाचा 1554 लावावा. बोटीची जागा आणि जखमी श्वास घेतोय का, हे आधी सांगावं.

हे वाचून येत नाही, हाताने करून शिकावं लागतं. आणि एकट्या तांडेलाला येऊन भागत नाही. तोच पाण्यात पडला तर?

1 जूनला बंदी लागली की बोटी किनाऱ्यावर असतात. इंजिनाचं काम काढतो, तसाच एक दिवस प्रशिक्षणाला काढूया. प्रत्येक बोटीमागे दोन नावं सोसायटीत द्या.