कॅलिस्ट्रिया : वासना, सूड आणि कपट यांची देवी

‘पाथफाइंडर’ या अमेरिकी भूमिकाखेळात गोलॅरियन नावाचे कल्पित जग आहे. तिथल्या एल्फ लोकांची लाडकी देवी म्हणजे कॅलिस्ट्रिया. वासना, सूड आणि कपट ही तिची क्षेत्रे, चाबूक हे आवडते शस्त्र आणि गांधीलमाशी हा पवित्र जीव. वरवर पाहता ही मोट ओढूनताणून बांधल्यासारखी वाटते, पण ती धीराच्या दोरीने बांधलेली आहे. मधमाशी माणसाला एकदा डंख मारून मरते, गांधीलमाशी मात्र पुन्हा पुन्हा डंखते. भक्तांनीही असेच टिकून राहावे, एकाच प्रेमापायी किंवा एकाच सुडापायी स्वतःला जाळून घेऊ नये, अशी देवीची शिकवण आहे. तिची मंदिरे बहुधा कुंटणखानेही असतात. तिथे सुखासोबत गुपितेही हाती लागतात आणि योग्य वेळ येईपर्यंत ती जपून ठेवली जातात.

हा सगळा प्रकार म्हणजे खेळ खपवण्यासाठीचा चटकदार मसाला आहे, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य नाही असे नाही. पण ही सांगड खेळकर्त्यांची मनमानी नव्हे. प्राचीन मेसोपोटेमियाच्या पुराणकथांतली देवी इनाना मद्यधुंद एन्की देवाकडून दैवी अधिकार पटकावून नेते. तीच इश्तार या नावाने, राजा गिल्गमेशने झिडकारल्यावर, त्याच्यावर स्वर्गीय बैल सोडते. इच्छा, अपमान आणि डाव यांचे नाते माणसाने फार पूर्वीच ओळखले होते. उरला नीतीचा प्रश्न. खेळाच्या २०२३ पर्यंतच्या नियमांत कॅलिस्ट्रिया दुष्ट नव्हती, तटस्थ होती. म्हणून तिच्या भक्ताची भूमिका घेणाऱ्याला सूड न्याय्य कधी ठरतो, हे दर वेळी स्वतःच ठरवावे लागे.