चढ, वारा आणि सायकल

काटेवाडी हे गाव बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. संत तुकाराम महाराजांच्या पालखीसमोर अंथरल्या जाणाऱ्या धोतरांच्या पायघड्या आणि पालखीभोवतीचे मेंढ्यांचे रिंगण यांमुळे ते महाराष्ट्रभर ठाऊक आहे. या भागातला मुलूख तसा सपाट. तरीही आषाढात इथल्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारा, तो सांगेल की, सायकलवरून बारामतीला जाताना दम लागतो आणि येताना सायकल आपोआप पळते. रस्ता तर तोच! मग चढ आला कुठून?

हा चढ वाऱ्याचा आहे. पावसाळ्यात इथे वारा पश्चिमेकडून वाहतो आणि बारामती काटेवाडीच्या पश्चिमेला आहे. आता थोडे गणित करू. तुमचे वस्तुमान ५० किलोग्रॅम आणि साध्या, दणकट सायकलीचे २० किलोग्रॅम धरा. म्हणजे एकूण वजन सुमारे ६८६ न्यूटन झाले. वारा पडलेला असताना सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर वेगाने गेलात, तर टायर व रस्ता यांच्यातील रोध सुमारे ६ न्यूटन आणि हवेचा रोधही सुमारे ६ न्यूटन असतो. या १२ न्यूटनांविरुद्ध सायकल चालवायला ५० वॅट शक्ती पुरते. आता समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा सुटला. हवेच्या दृष्टीने तुमचा वेग दुप्पट झाला. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून तो चौपट, म्हणजे २४ न्यूटन होईल. तोच वेग टिकवायचा तर आता १२५ वॅट हवेत, म्हणजे अडीचपट! वाढलेले १८ न्यूटन म्हणजे जवळजवळ ४०ला १ (४० मीटर अंतरात १ मीटर उंची) एवढा चढच झाला. डोळ्यांना तो दिसत नाही, पण पायांना बरोबर कळतो.

याच मुलखात खऱ्या अर्थाने सपाट अशी एक वाट आहे. ती म्हणजे नीरा डाव्या कालव्याच्या कडेची. कालव्यातले पाणी कोणी ढकलत नाही, ते उताराने वाहते. पण उतार जास्त झाला तर पाणी तळ आणि काठ खरवडून काढील. म्हणून कालवा खोदणारे अभियंते त्याला अगदी नाममात्र उतार देतात. टेकाड आले की कालवा त्यावर चढत नाही, वळसा घालून पुढे जातो. त्यामुळे कालव्याकाठची वाट लांबची, वळणावळणाची, पण बिनचढाची असते. आडवाटेने सायकल हाकणाऱ्याने नकाशात आधी कालवा शोधावा, असे माझे मत आहे.

पण सहलीला निघाल्यावर टेकड्या टाळून कसे चालेल? पाटसहून बारामतीला येताना रोटी घाट लागतो, पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट. अशा रस्त्यांवर साध्या सायकलीचे काय होते ते पाहा. समजा, तुमच्या सायकलीच्या पुढच्या दंतचक्राला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते आहेत. पेडलचा एक फेरा झाला की मागचे चाक सुमारे २.४४ वेळा फिरते. मोठ्या चाकाचा परिघ सुमारे २.२ मीटर, म्हणजे एका फेऱ्यात सायकल ५.४ मीटर पुढे जाते. तेवढ्या वेळात तुमचा पाय १७ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात, म्हणजे जेमतेम १.०७ मीटर फिरतो. अंतर पाचपट मिळाले, तर बलही पाचपट मोजावे लागणार. तरफेचा हिशेब इथेही चुकत नाही.

२०ला १ या चढावर वजनाचा उताराच्या दिशेने ओढणारा भाग ३४ न्यूटन आणि टायरचा रोध ६ न्यूटन, असे मिळून ४० न्यूटन होतात. पायाने सरासरी २०० न्यूटन जोर लावावा लागेल. हे जमते. पण चढ १०ला १ झाला तर रोध ७५ न्यूटन आणि पायाचा सरासरी जोर ३७५ न्यूटन. त्यातही पेडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना पायाचा जोर वाया जातो. त्याची भरपाई क्रँक आडवी असताना करावी लागते, आणि तेव्हाचा जोर ६०० न्यूटनच्या आसपास जातो. तुमचे वजनच ४९० न्यूटन! म्हणजे सीटवरून उठून पेडलवर सगळा भार टाकला तरी भागत नाही. हात हँडलला ओढू लागतात. मग उतरून सायकल ढकलणे हेच शहाणपण, त्यात कमीपणा मुळीच नाही. चालताना वेग निम्म्याहून कमी करता येतो. सायकलवर मात्र तोल राखण्यासाठी काही किमान वेग ठेवावाच लागतो.

गिअरची सायकल इथे कामाला येते. पुढे आणि मागे सारखेच दाते असतील असा जोड निवडला तर एका फेऱ्यात सायकल फक्त २.२ मीटर जाते आणि त्याच चढावर पायाचा सरासरी जोर १५५ न्यूटनपर्यंत उतरतो. लक्षात ठेवा, गिअर तुमचे कार्य कमी करीत नाही. तेच कार्य अधिक फेऱ्यांत वाटून देतो. फ्रान्समधली प्रसिद्ध 'तूर द फ्रान्स' शर्यत १९०३ साली सुरू झाली, पण साखळी एका दंतचक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे गिअर तिथे १९३७ सालापर्यंत वापरू देत नसत. त्याआधी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे असत. घाट आला की शर्यतपटू खाली उतरत, चाक काढत, उलटे बसवत आणि पुन्हा निघत!

चढून गेल्यावर किती ऊर्जा खर्ची पडली? ६० मीटर उंची चढलात तर सुमारे ४१,००० जूल. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कार्यात आणतात, हे धरले तरी हा सारा खर्च सुमारे चतकोर भाकरीचा. दमछाक होते ती खर्च मोठा म्हणून नव्हे, तर तो थोड्या वेळात आणि मोठ्या जोराने करावा लागतो म्हणून.

ही साठवलेली ऊर्जा उतारावर परत मिळते, आणि खरा धोका तिथेच आहे. २०ला १ उतारावर पेडल न मारता सायकल सोडली तर तिचा वेग वाढत वाढत ताशी ३२ किलोमीटरवर स्थिरावतो. म्हणजे सेकंदाला ९ मीटर. पुढे उसाची बैलगाडी आडवी आली. ती दिसून बोटे ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद गेला, ९ मीटर संपले. ब्रेक चांगले व कोरडे असतील, दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद वेग कमी करण्याइतके, तर उताराची ओढ आणि हवेचा रोध हिशेबात धरून सायकल आणखी १५ मीटरांत थांबेल.

आता पाऊस पडतो आहे असे समजा. लोखंडी रिमवर पाण्याचा थर बसला की ब्रेकच्या रबराची पकड फार घटते. ती तिसऱ्या हिश्श्यावर आली तर थांबायला १५ ऐवजी सुमारे ५० मीटर लागतात! तिपटीहूनही जास्त का? कारण ब्रेकचा जोर घटला, पण उताराची ओढ घटली नाही. उरलेल्या जोरातला बराचसा भाग ती ओढ सांभाळण्यातच खर्च होतो. उतार १०ला १ असेल तर ओले ब्रेक आणि उतार जवळजवळ समान होतात. ब्रेक पूर्ण आवळूनही वेग कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो.

म्हणून पावसात घाट उतरताना वेग आधीपासूनच कमी ठेवायचा. वळणाच्या बरेच आधी ब्रेक हलके टेकवायचे, म्हणजे रबराने रिमवरचे पाणी पुसले जाते आणि ऐन वेळी पकड मिळते. दोन्ही ब्रेक वापरा. पण मुरमाच्या किंवा चिखलाच्या वाटेवर एकट्या पुढच्या ब्रेकवर विसंबू नका, कारण पुढचे चाक घसरले की तोल सावरायला वेळच मिळत नाही.

तुमच्या शाळेच्या वाटेवरचा चढ कितीला किती आहे हे मोजणे सोपे आहे. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या आणि तिच्यावर पाण्याने जवळजवळ भरलेली, सरळ अंगाची बाटली आडवी ठेवा. पट्टीचे एक टोक चढाच्या बाजूला रस्त्यावर टेकवा आणि दुसरे टोक बुडबुडा मध्यावर येईपर्यंत उचला. त्या टोकाखाली ५ सेंटिमीटर अंतर आले तर चढ २०ला १. मग सायकलीचे दाते मोजा, क्रँकची लांबी मोजा, आणि वरचे गणित स्वतःच्या वजनासाठी करून पाहा.