दहावीच्या वर्षात गाण्याचा क्लास

नववीचा निकाल लागला, की अनेक घरांतला तबला कापडात गुंडाळून माळ्यावर जातो आणि पेटी पलंगाखाली सरकते. ‘एका वर्षाचाच तर प्रश्न आहे’ असं मुलांना सांगितलं जातं. मग अकरावी, बारावी, सीईटी असं करत त्या एका वर्षाची तीन-चार वर्षं होतात आणि पेटी बहुधा बाहेर येतच नाही. उलट टोकाचे पालकही असतात. शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षा दिलेल्या मुलांना राज्य मंडळाच्या दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात हे कळलं, की ‘परीक्षेपुरतं शिकवाल का?’ अशी चौकशी सुरू होते. एकाला वाटतं संगीत अभ्यासाचा वेळ खातं, दुसऱ्याला वाटतं ते गुण मिळवून देतं.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळेच्या वरच्या इयत्तांमध्ये संगीत हा रीतसर विषय म्हणून घेता येतो. तिथल्या एक लाख बारा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या निकालांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. संगीत घेतलेल्या मुलांचे इंग्रजी, गणित आणि विज्ञानातले गुण इतरांपेक्षा सरासरीने चांगले होते. वाद्य शिकणाऱ्यांमध्ये हा फरक अधिक ठळक होता. ‘मुळात हुशार मुलंच संगीत घेत असतील’ ही शंका कुणालाही येईल, म्हणून संशोधकांनी सातवीतले गुण आणि घराची आर्थिक-सामाजिक स्थिती हिशेबात धरली. तरीही फरक उरला.

याचा अर्थ गाण्यामुळे गणित सुधारतं असा नाही. या मुलांनी संगीत स्वतः निवडलं होतं, आणि चिकाटी, घरचा पाठिंबा अशा गोष्टी आकड्यांत पूर्ण पकडता येत नाहीत. मुलांना संगीत शिकवून नंतर चाचण्या घेतलेल्या ५४ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये आला. ज्या प्रयोगांत दुसऱ्या गटालाही नाट्य किंवा तत्सम काही शिकवलं होतं, तिथे संगीताचा बुद्धिमत्तेवर वा गुणांवर वेगळा परिणाम दिसला नाही. मोझार्ट ऐकल्याने मुलं हुशार होतात ही तर १९९३ च्या एका छोट्या प्रयोगावर उभी राहिलेली अफवाच. तो प्रयोग महाविद्यालयीन तरुणांवर झाला होता आणि परिणाम जेमतेम दहा-पंधरा मिनिटं टिकला होता. पण तेवढ्यावर बाळांसाठीच्या सीडी विकल्या गेल्या!

थोडक्यात, गुण वाढवण्याचं औषध म्हणून संगीताकडे पाहू नये. पण कॅनडाच्या आकड्यांतून पालकांना हवं ते उत्तर मिळतं: संगीताला वेळ देणारी मुलं अभ्यासात मागे पडलेली दिसत नाहीत.

मग संगीताने नक्की बदलतं काय? शिकागोतल्या गरीब वस्त्यांमधल्या शाळांत नववीच्या सुमारास संगीताच्या वर्गात दाखल झालेली मुलं आणि लष्करी पद्धतीचं शारीरिक प्रशिक्षण घेणारी मुलं, अशा दोन गटांची तुलना झाली. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदू आवाजाला कसा प्रतिसाद देतो हे सुरुवातीला आणि तीन वर्षांनी मोजलं. २०१५ च्या या निष्कर्षांनुसार संगीत शिकणाऱ्यांच्या मेंदूतली ध्वनी टिपण्याची यंत्रणा लवकर परिपक्व झाली आणि शब्दांतले उच्चार सुटे ओळखण्यात ती मुलं अधिक सुधारली. प्रयोग लहान आहे, पण पंधराव्या वर्षी शिकायला सुरुवात करणं म्हणजे उशीर नव्हे, हे त्यातून कळतं. हे बदल नियमित वाजवण्या-गाण्यातून आले होते. चार बंदिशी आणि रागांची माहिती घोकून दिलेल्या परीक्षेतून गुण मिळतील, कान तयार होणार नाही.

याच वयात मुलांच्या गळ्याचा प्रश्न येतो आणि त्याबद्दल घरात फारसं बोललं जात नाही. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलग्यांचं स्वरयंत्र झपाट्याने वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. काल काळी चारमध्ये गाणारा मुलगा काही महिन्यांत पांढरी एकवर येतो आणि मधल्या काळात आवाज कुठेही फाटतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण दोन-तीन स्वरांनीच, म्हणून तो लक्षात येत नाही. नेमका याच काळात प्रवेशिका किंवा मध्यमाचा फॉर्म भरलेला असतो आणि ‘पट्टी बदलू नको, परीक्षा आली आहे’ असं सांगितलं जातं. हे चुकीचं आहे. ताणून जुन्या पट्टीत गाणाऱ्या मुलाच्या घशाचे स्नायू आवळले जातात आणि ती सवय पुढे सुटणं अवघड होतं. पट्टी खाली आणावी, तार सप्तक काही महिने बाजूला ठेवावं, मध्य सप्तकात हलका रियाज करावा. गाणं पूर्ण बंद करायची गरज नसते. सर्दी-खोकला नसताना घोगरेपणा चार आठवड्यांहून जास्त टिकला, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं. मिठाच्या गुळण्या आणि ज्येष्ठमध यावर महिनोन्‌महिने काढू नयेत.

तानपुऱ्याचं ॲप इअरफोनवर लावून रियाज करणाऱ्यांनी आवाजाची पातळी सांभाळावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तास चालतो, तर ९० डेसिबल फक्त ४ तास. छोटा स्पीकर केव्हाही बरा.

दहावीच्या वर्षात रोज अर्धा तास रियाज पुरे, असं माझं मत. वाढीव गुण हवे असतील तर प्रमाणपत्र शाळेमार्फत मुदतीत मंडळाकडे जावं लागतं, तेव्हा संगीताची परीक्षा नववीपर्यंत उरकलेली बरी. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास होतात. आवाज फुटलेल्या मुलाने एक सत्र सोडलं तर सहा महिनेच जातात. गुरुजींशी बोलून नवी पट्टी ठरवावी आणि पुढच्या सत्राचा फॉर्म भरावा.