‘नस’ तुटली म्हणजे काय तुटते?

मराठी बोलीत ‘नस’ हा शब्द फार मोठा संसार एकटाच सांभाळतो. मनगटाची नस कापली म्हणजे रक्तवाहिनी कापली; मानेत नस दबली म्हणजे मज्जातंतू दबला; झोपेत पोटरीची नस चढली म्हणजे स्नायू आखडला. एरवी व्यवहार अडत नाही, कारण संदर्भ अर्थ पुरवितो. परंतु सोयगावासारख्या कपाशी-मक्याच्या तालुक्यात विळ्याचा किंवा कडबाकुट्टीच्या पात्याचा घाव मनगटावर बसला, की हा संदर्भ अपुरा पडतो. रक्त थांबले, कातडीस टाके पडले, म्हणजे नस जुळली, असा समज सहज होतो. करंगळी बधिर राहिली तरी ‘येईल हळूहळू’ असे म्हटले जाते. त्या ‘हळूहळू’मध्ये शरीरात काय घडत असते, हे सांगणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

शास्त्रीय परिभाषेनेही येथे फारशी शिस्त पाळलेली नाही. संस्कृतातील ‘स्नायु’ म्हणजे मुख्यतः सांधे बांधणारा बंध. तोच शब्द मराठीत मांसपेशीवाचक झाला आणि बंगालीत मज्जातंतूवाचक. त्वचेतून दोऱ्यासारख्या निघणाऱ्या कृमीचे ‘नारू’ हे नावही त्याच घराण्यातले. ‘मज्जातंतू’, ‘ज्ञानतंतू’, ‘चेतातंतू’ हे शब्द पुढे घडविले गेले. परंतु तिन्हींत ‘तंतू’ आहेच, आणि गैरसमजाचे एक मूळ, माझ्या मते, तेथेच आहे. तंतू म्हटला की तुटणे आणि जोडणे एवढ्याच क्रिया सुचतात. मरण सुचत नाही.

वस्तुतः हा तंतू म्हणजे एका जिवंत पेशीचा लांबविलेला हात होय. करंगळीचा स्पर्श वाहणाऱ्या पेशीचे शरीर हातात नसून मानेच्या मणक्यांजवळील एका लहानशा गुच्छिकेत असते. तिच्या धाग्याची एक शाखा बोटाच्या त्वचेपर्यंत जाते, दुसरी मज्जारज्जूत शिरते. त्वचेकडून या पेशीस केवळ वार्ता मिळत नाही, पोषणही मिळते. त्वचेत निर्माण होणारी काही प्रथिने धाग्यातून उलट दिशेने वाहत पेशीपर्यंत पोहोचतात व तिला जगवितात. अशा एका वृद्धिघटकाच्या शोधातील कार्याबद्दल रीटा लेव्ही-मोंतालचिनी यांना स्टॅन्ली कोहेन यांच्यासह 1986 साली नोबेल पारितोषिक मिळाले. धागा मनगटाशी तुटला की ही रसद बंद होते, आणि दूर मानेजवळ, जेथे घाव पोहोचलेलाच नाही, तेथे काही पेशी मरू लागतात.

किती मरतात? उंदरांची मांडीतील मोठी नस तोडून केलेल्या प्रयोगांत, ती न जोडल्यास दोन महिन्यांत सुमारे एकतृतीयांश ते चाळीस टक्के संवेदी पेशी नष्ट झाल्याचे आढळले आहे. मोजणीच्या पद्धतीप्रमाणे आकडा बदलतो. त्वचेशी जोडलेल्या लहान पेशी अधिक मरतात, स्नायूंशी जोडलेल्या तुलनेने टिकतात. हालचाल घडविणाऱ्या पेशीही प्रौढ प्राण्यात बऱ्याच तग धरतात. घाव पाठीच्या कण्याजवळ असेल किंवा प्राणी नवजात असेल, तर हानी वाढते.

याचा अर्थ स्पष्ट आहे. शल्यविशारद तुटलेली टोके नीट शिवू शकतो, आणि जिवंत पेशींचे धागे दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचे सतरा-अठरा सेंटिमीटर चालण्यास सहा महिने लागतात. तेवढा धीर योग्यच आहे. पण तो शिवणीनंतरचा. शिवणीपूर्वीचा धीर पेशींच्या जिवावर बेततो, कारण नस लवकर जोडल्यास मृत्यूचे प्रमाण घटते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. असिटिल कार्निटिनसारख्या द्रव्यांनी उंदरांच्या पेशी वाचविता आल्या. मानवी उपचारात मात्र ती पद्धत अद्याप रूढ झालेली नाही.

बधिर बोट ही किरकोळ उणीव नव्हे. वेल्लोर येथे 1946 पासून कार्य करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांविषयी दाखवून दिले, की त्यांची बोटे आपोआप झडत नाहीत. वेदना नसल्याने लक्षात न आलेल्या जखमा व भाजणे त्यांचा नाश करतात. चुलीशी आणि विळ्याशी रोज गाठ असलेल्या हाताला हे तितकेच लागू आहे.

म्हणूनच मनगटाच्या जखमेवर टाके पडण्यापूर्वी डोळे मिटावयास सांगून प्रत्येक बोटाच्या टोकास कापसाचा बोळा लावून पाहावा आणि स्पर्श कळतो का, हे विचारावे. करंगळीने उत्तर दिले नाही, तर ‘नस कापली’ याचा कोणता अर्थ तेथे लागू आहे, ते त्याच दिवशी कळते.