आधी पाच मिनिटं, मग दोन तास

मायबाप, माणूस म्हणतो, "महाराज, मनच लागत नाही. अंगात जोर आला की कामाला लागीन." ऐकायला बरोबर वाटतं. पण जोर आधी येतो की काम आधी? याचं उत्तर शोधायला काशीला जायची गरज नाही. आपल्या धाम नदीच्या काठी, पवनारला चला.

१९३८ सालची गोष्ट. विनोबा तेव्हा बेचाळीस वर्षांचे. शरीर पार झिजलेलं. वजन किती? ८८ पौंड! म्हणजे आपल्या हिशेबानं चाळीस किलो. सोयाबीनच्या पोत्याहून कमी की हो! गांधीजींना काळजी वाटली. थंड हवेच्या ठिकाणी जाऊन विश्रांती घ्या, असं त्यांनी सुचवलं. विनोबांनी डोंगर निवडला नाही. जमनालाल बजाजांचा पवनारचा बंगला रिकामा होता, तिथं ते आले. येताना धाम नदीच्या पुलावर त्यांनी मनाशी संकल्प केला : आश्रमाची, संस्थांची सगळी चिंता इथंच सोडली.

आता बघा, आपणही विश्रांती घेतो. देह बाजेवर आणि मन सावकाराच्या ओट्यावर! मग विश्रांती कुणाला मिळाली? बाजेला! म्हणून पहिली पायरी सोडण्याची. रात्री निजताना कर्जाचा आकडा शंभरदा मोजला म्हणून तो एका रुपयानं कमी होत नाही. त्याचा विचार सकाळी, कागद समोर घेऊन, घरच्यांना सोबत बसवून करा. रात्र देवाची आहे, त्याच्या हवाली करा.

दुसरी पायरी धरण्याची. विनोबांनी सगळं सोडलं आणि हातात कुदळ धरली. पहिल्या दिवशी किती खोदलं? फक्त पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं जास्त. तिसऱ्या दिवशी आणखी दोन. असं करत करत ते रोज दोन तास खोदू लागले. भूक लागली, झोप लागली, आणि वजन १२८ पौंडांवर गेलं. ज्यांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात अठरा अध्याय गीता सांगितली, त्यांनीसुद्धा पाच मिनिटांपासूनच सुरुवात केली! सहाव्या अध्यायात भगवंत मनाला हळूहळू आवरायला सांगतात. तेच इथं कुदळीनं झालं.

आपलं कुठं चुकतं? आपण पहिल्याच दिवशी दोन तास धरतो. एकादशीला नेम घेतला : पहाटे उठीन, हरिपाठ म्हणीन, तंबाखू सोडीन, रोज चालायला जाईन. द्वादशीला अंग दुखतं आणि त्रयोदशीला नेम मोडतो. मग "माझ्यानं काही होत नाही" हे वाक्य मनात घर करतं. तो नेमाचा दोष नाही, मापाचा आहे. दिंडीत माणूस पंढरी एका दिवसात गाठत नाही, रोजचा मुक्काम गाठतो.

एक गोष्ट मात्र जपून ऐका. आपल्या जिल्ह्यातल्या कापसाच्या गावांनी शेतकऱ्यांच्या घरची फार दुःखं पाहिली आहेत. कुणाचं मन इतकं खचलं असेल की जगणंच नको वाटतं, तर त्याला कुदळीचा दाखला देऊ नका. त्याच्याजवळ बसा. त्याला एकटं सोडू नका. डॉक्टरकडे घेऊन जा. ताप आला तर आपण दवाखान्यात जातो. मनाच्या तापाला लाज कशाची? गांधीजींसारख्या माणसानं विनोबांची विचारपूस केली. आपण शेजाऱ्याची करतो का?

पवनारला त्या खोदकामात जुन्या मूर्ती सापडल्या. त्यातली भरत-राम भेटीची मूर्ती आजही तिथं आहे. देव शोधायला कुदळ मारली नव्हती हो! देह सावरायला मारली होती. देव आपण होऊन हाती आला.

म्हणून वाचक मायबाप, हे पान मिटा आणि राहिलेलं एक काम पाच मिनिटं करा. उद्या सात मिनिटं. जोर मागून येतो.

रामकृष्णहरी.